गाडी सुरू होत नाही, मध्येच बंद पडते : आधी नब्ज पाहा, मग पाना उचला

कापडाचे गठ्ठे बांधून आठवडे बाजार करणारा व्यापारी, बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारा, बेकरीचा माल पहाटे दुकानांवर पोहोचवणारा, अत्तर-सुरम्याची फेरी करणारा, शिलाई मशीन दुरुस्त करणारा कारागीर, या सर्वांचे दुकान दोन चाकांवर आहे. मोटारसायकल त्यांच्या शौकाची वस्तू नसून धंद्यातील भागीदार आहे. हा भागीदार सकाळी उठलाच नाही तर त्या दिवसाची कमाई गेली. आठवडे बाजारात उशिरा पोहोचणाऱ्याला गटाराकाठची जागा मिळते, आणि हुकलेला बाजार पुन्हा आठ दिवसांनीच भरतो. वर गॅरेजचे बिल असते ते वेगळेच.

प्रस्तुत लेखक मिस्त्री नाही, कापडाचा व्यापारी आहे. परंतु गाडीवर माल वाहण्यात उमर गेली, आणि गॅरेजच्या बाकड्यावर बसून उस्ताद मंडळींचे काम पाहण्याचे प्रसंग पुष्कळ आले. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. गॅरेजमधील निम्मा खर्च बिघाडाचा असतो आणि निम्मा अंदाजाचा. प्लग बदलून पाहू, नाही जमले तर कॉइल बदलू, तरीही नाही तर सीडीआय बदलू, अशा रीतीने तीन सुटे भाग बदलले जातात आणि शेवटी निघतो तो टाकीच्या झाकणातील बुजलेला बारीक छेद. हकीम आधी नब्ज पाहतो, रोग्याला चार प्रश्न विचारतो, मग औषध देतो. गाडीचेही तसेच आहे. म्हणून औजाराला हात लावण्यापूर्वी काय पाहावे, काय विचारावे, याचा हा धडा आहे.

इंजिनाची भूक

इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, नेमक्या वेळी पडणारी ठिणगी, आणि सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, ज्याला गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन म्हणतात. या तिन्हींपैकी एकही कमी पडली तर इंजिन चालणार नाही, आणि तिन्ही हजर असतील तर त्याला सुरू होण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे बिघाड कितीही गुंतागुंतीचा वाटला तरी प्रश्न एवढाच असतो की, तिघांपैकी गैरहजर कोण?

आता यातील कॉम्प्रेशन एका दिवसात जात नाही. रिंगा झिजणे, व्हॉल्व्ह नीट न बसणे ही हळूहळू होणारी गोष्ट आहे. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चाललेली गाडी आज सकाळी सुरू होत नसेल तर संशय पेट्रोलवर किंवा ठिणगीवर घ्यावा, इंजिन खोलण्याची भाषा करू नये. जो मिस्त्री किक न मारताच 'हेड खोलावे लागेल' म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी.

कशी बंद पडली, हे आधी सांगा

एका जुन्या उस्तादांची सवय मला फार आवडते. ग्राहक गाडी ढकलत, घामाघूम होऊन येतो आणि म्हणतो, "उस्ताद, गाडी बंद पडली." उस्ताद गाडीकडे पाहतच नाहीत. आधी पाणी देतात आणि विचारतात, "भाईजान, बंद पडली हे दिसतेच आहे. कशी बंद पडली ते सांगा." ग्राहक चिडतो, बंद पडण्याचे काय प्रकार असतात? पण असतात, आणि त्यातच अर्धे उत्तर दडलेले असते.

गाडी झटके खात, दम टाकत, एक्सलेटर दिला तरी मागे खेचल्यासारखी होत हळूहळू बंद पडली, तर पेट्रोल पोहोचत नाही असे समजावे. दिव्याचे बटण दाबावे तशी एका क्षणात गप्प झाली, तर बिघाड बहुधा विजेचा आहे : वायर, फ्यूज, किल्लीचा स्विच, प्लगची कॅप. इंजिन फार तापून जड झाले, खरखर आवाज आला आणि मग थांबली, तर पुन्हा किक मारूच नये, आधी ऑइल पाहावे. ऑइलशिवाय जाम झालेल्या इंजिनाला जबरदस्तीने फिरवणे म्हणजे जखमेवर घाव घालणे होय.

हे झाले मुख्य प्रकार. यातही बारकावे आहेत. खड्ड्यात आदळली की बंद पडते, तर बॅटरीचे टर्मिनल किंवा एखादा जोड सैल आहे. हँडल एका बाजूला पूर्ण वळवले की बंद पडते, तर हँडलच्या मानेजवळ वायरीचा गठ्ठा घासून आतून तुटला आहे. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, कारण वरचे प्लॅस्टिक शाबूत असते. सिग्नलला एक्सलेटर सोडला की बंद आणि चालताना ठीक, तर आयडलिंग कमी आहे किंवा कार्बोरेटरचा स्लो जेट बुजला आहे. नव्या गाडीत पहिला गिअर टाकताच बंद पडते, तर खाली पाहा, साइड स्टँड उघडा असेल. अनेक नव्या गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन आपोआप थांबते. स्टँड वर असूनही असे होत असेल तर त्याच्या स्विचवर चिखल बसला आहे. हा चिखल पाण्याने धुऊन निघतो, आणि एवढ्यासाठी वायरिंग बदलल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत.

पाच-सात किलोमीटर चालून बंद पडणे, दहा मिनिटे थांबल्यावर सुरू होणे आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर बंद पडणे हा प्रकार व्यापाऱ्यांच्या गाड्यांत अधिक आढळतो. टाकीच्या झाकणात हवेसाठी बारीक मार्ग असतो. पेट्रोल खाली उतरते तशी वरून हवा आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल उतरेनासे होते. आपले लोक टाकीवर जाड रेक्झिनचे कव्हर चढवतात, त्यावर मालाची पिशवी ठेवतात, धूळ बसते, आणि हा मार्ग बंद होतो. परीक्षा अगदी सोपी आहे. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. हवा आत खेचल्याचा 'फुस्स' आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर रोग सापडला.

सकाळी सुरूच होत नाही

येथे क्रम महत्त्वाचा आहे. जे फुकट तपासता येते ते आधी, जे खोलावे लागते ते नंतर.

हँडलवरचा लाल स्विच चालू आहे का? मुले खेळताना तो बंद करतात आणि बाप घाम येईपर्यंत किक मारतो. टाकीत पेट्रोल आहे का, कॉक बंद किंवा चुकीच्या जागी तर नाही? रिझर्व्हवर गाडी आणून रात्री कॉक पुन्हा 'ऑन'वर कोणी केला का? गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? हे प्रश्न बाळबोध वाटतात, पण कोणताही जाणता मिस्त्री हेच आधी पाहील.

यानंतर प्लग काढावा. मात्र इंजिन गार असताना, आणि प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून. नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लग हा इंजिनाच्या पोटातून बाहेर आलेला साक्षीदार आहे. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचलेलेच नाही. ओला असून पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल आहे, ठिणगी नाही, किंवा चोक ओढून किका मारून मारून पेट्रोल जास्त झाले आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त व हवा कमी. तेलकट काळा असेल तर ऑइल वर येते आहे, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजले आहेत. पांढराफटक असेल तर इंजिन फार तापते, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. विटकरी-तपकिरी रंग ही तंदुरुस्तीची खूण होय.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ठिणगी अशी पाहावी : प्लग कॅपमध्ये बसवून त्याचे लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवावे आणि किक मारावी. निळसर, कडक आवाजाची ठिणगी चांगली. लालसर, मरतुकडी ठिणगी कामाची नाही. हे करताना प्लगच्या छिद्रापासून दूर राहावे, जवळ सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे, विडी-सिगारेट तर दूरच. प्लगचे लोखंडी अंग अधांतरी ठेवून किक मारू नये. त्याने हाताला झटका बसतो आणि सीडीआयचेही नुकसान होऊ शकते. ठिणगी नसेल तर लगेच कॉइल विकत आणू नये. आधी चांगला प्लग लावून पाहावा. मग कॅप फिरवून काढावी, वायरचे टोक काळे-हिरवे झाले असेल तर अगदी थोडे कापून पुन्हा बसवावे. पावसाळ्यात कोकणातील गाड्यांचा हा नेहमीचा आजार आहे. खारी हवा आणि दमट रात्र मिळून कॅपच्या आत गंज धरतो, आणि कोरड्या फडक्याने पुसून गाडी सुरू होते. त्यानंतरही ठिणगी आली नाही तर किल स्विचची वायर, मग कॉइल, मग मॅग्नेटमधील पिकअप, आणि अगदी शेवटी सीडीआय.

जुन्या अनेक गाड्यांत, उदाहरणार्थ १९८५ च्या सीडी १०० किंवा १९९४ साली आलेल्या सुरुवातीच्या स्प्लेंडरमध्ये, ठिणगी मॅग्नेटच्या विजेवर पडे. बॅटरी मेली तरी किकवर गाडी सुरू होत असे. म्हणूनच आपल्याकडे बॅटरीला फक्त हॉर्न आणि इंडिकेटरचे सामान समजण्याची सवय लागली. ही सवय आता महाग पडते. त्याविषयी पुढे येईलच.

पेट्रोल जास्त होऊन प्लग ओला झाला असेल तर चोक बंद करावा, कॉक बंद करावा, एक्सलेटर पूर्ण उघडा धरून आठ-दहा किका माराव्यात. आतील जादा पेट्रोल बाहेर निघून जाते. घाईत लोक याच्या उलट करतात, म्हणजे चोक ओढूनच किका मारत राहतात, आणि बुडणाऱ्याला आणखी पाणी पाजतात.

कॉम्प्रेशनची परीक्षाही किकमध्येच आहे. हाताने किक दाबली असता एका जागी ती अडली पाहिजे, जोर मागितला पाहिजे. पोकळ, हवेत पाय घातल्यासारखी खाली गेली तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा गॅस्केटचे काम आहे. मात्र टॅपेट फार घट्ट बसवले गेले असतील तरीही असेच होते. व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, आणि विशेषतः गरम गाडी सुरू होण्यास त्रास देते. टॅपेटची सेटिंग इंजिन गार असताना, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या फटीप्रमाणे, फीलर गेजने करावी. 'आवाज येतो, टाइट करून द्या' असा आग्रह ग्राहकाने धरू नये. थोडा टिकटिक आवाज इंजिनाला अपाय करत नाही, घट्ट टॅपेट मात्र व्हॉल्व्ह जाळतो.

कार्बोरेटर, कचरा आणि कापसाची रुई

आता आपल्या धंद्याशी जोडलेली एक गोष्ट. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावी यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा दाराशीच गाड्या उभ्या असतात. हवेत सतत बारीक रुई उडते. एअर फिल्टर ही रुई अडवतो आणि काही महिन्यांत त्यावर नमद्यासारखा थर बसतो. मग गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल जास्त खाते, चढावर दम टाकते, आणि सकाळी चोकविना सुरू झाली तरी गरम झाल्यावर घोळ घालते. मालक म्हणतो कार्बोरेटर बिघडला, मिस्त्री कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करतो, आणि मूळ रोग तसाच राहतो. पुस्तकात फिल्टरसाठी दिलेली मुदत साध्या रस्त्यासाठी असते. शेडमध्ये राहणाऱ्या गाडीचा फिल्टर त्याच्या निम्म्या मुदतीतच उघडून पाहावा. फोमचा फिल्टर धुता येतो. कागदी फिल्टर पाण्याने किंवा पेट्रोलने धुऊ नये, तो बदलावाच लागतो. आणि फिल्टर नकोच म्हणून काढून टाकणे तर साफ चूक. त्याने धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा खाते. सीटखालचा हवेचा मार्ग गठ्ठ्याच्या फडक्याने झाकला जात नाही ना, हेही माल बांधताना पाहावे.

कार्बोरेटरमधील दोन जेट लक्षात ठेवावेत. स्लो जेट हा आयडलिंगचा, मेन जेट वेगाचा. चोक ओढला तरच चालते व चोक आत केला की मरते, याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे : स्लो जेट बुजला, किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यातील रबरी जोडाला चीर पडून फालतू हवा आत येते. आयडलिंग ठीक पण जोर दिला की गुदमरते, तर मेन जेट, कॉकची जाळी किंवा पेट्रोलची नळी पाहावी. खाली पेट्रोल गळत असेल तर फ्लोटच्या पिनखाली कचरा अडकला आहे. जेटमध्ये तार किंवा सुई घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले की तो जेट फेकून द्यावा लागतो. हवेच्या प्रेशरने उडवावे, नाहीतर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारावा.

२५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत हजारो गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या. त्यांतील पुष्कळ गाड्यांचा बिघाड हाच होता. उभे पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट गोंद राहतो, तो नेमका स्लो जेटमध्ये. रमजानच्या अखेरीस गाडी बंद करून महिना-दोन महिने गावी किंवा उमराहला जाणाऱ्यांनी निघताना कॉक बंद करून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे, म्हणजे परत आल्यावर रडावे लागत नाही.

पेट्रोलचा स्वभावही आता बदलला आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पाणी थोडे असेल तोवर ते मिसळून जळून जाते, पण जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि कॉकमधून आधी उतरते तेच. पावसात रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली, झाकणाचे रबर फाटलेली जुनी गाडी सकाळी सुरू होत नसेल तर कार्बोरेटरखालचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे. काही वेळाने तळाशी वेगळा थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करणे भाग आहे. अशा वेळी नळीला तोंड लावून पेट्रोल ओढू नये. ते फुप्फुसात गेले तर जिवाशी गाठ पडते. इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि रबरी वायसर लवकर खराब होऊ शकतात, म्हणून कडक झालेल्या किंवा फुगलेल्या नळ्या वेळीच बदलाव्यात.

गरम झाली की बंद, गार झाली की सुरू

हा प्रकार मिस्त्रीलाही चकवतो, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी गार होते आणि मुकाट्याने चालू लागते. टाकीचे झाकण आणि टॅपेट ही दोन कारणे वर आलीच आहेत. तिसरे कारण विजेचे. कॉइल किंवा पिकअपमधील बारीक तार आतून तुटलेली असते; गार असताना तिची टोके एकमेकांना टेकतात, तापली की अलग होतात. इलाज एकच. बंद पडली त्याच जागी, गरम असतानाच ठिणगी पाहावी. त्यासाठी एक जादा प्लग आणि प्लगचा पाना गाडीच्या डब्यात असावा. गरम गाडीतील प्लगला हात लावू नये, जादा प्लग कॅपमध्ये घालून तपासावे. ठिणगी नाही हे त्या जागी समजले तर मिस्त्रीचा एक दिवस आणि ग्राहकाचे दोन-तीन सुटे भाग वाचतात.

इंजेक्शनच्या गाड्या : घाबरण्याचे कारण नाही

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आले. आमच्या भागातील काही चांगले कारागीर तेव्हापासून 'ही गाडी कंपनीतच न्या' म्हणून हात झटकतात. हे पाहून वाईट वाटते. शागिर्द म्हणून दहाव्या वर्षापासून पाना धरलेल्या हातांचा हुनर असा वाया जाता कामा नये. इंजेक्शनच्या गाडीलाही तीच तिघांची भूक आहे. पेट्रोल आता पंप आणि इंजेक्टर देतात, आणि किती द्यायचे ते सेन्सर पाहून ईसीयू ठरवतो, एवढाच फरक आहे.

किल्ली फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक 'झूं' असा आवाज येतो. तो पंपाचा आवाज. तो आला नाही तर फ्यूज, रिले, पंपाचा जोड या क्रमाने पाहावे. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा किल्ली फिरवल्यावर लागून इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो जळत राहिला तर ईसीयूने दोष नोंदवलेला आहे, आणि तो कोड वाचूनच काम करावे. गाडी आडवी पडली तर एक सेन्सर इंजिन बंद करतो. सरळ उभी करून किल्ली एकदा बंद-चालू केल्याशिवाय ती सुरू होत नाही. हे ठाऊक नसल्याने लोक टेम्पो करून गाडी गॅरेजला नेतात.

आणि बॅटरी! पंप, इंजेक्टर, ईसीयू सर्व तिच्यावर चालतात. अगदी मेलेल्या बॅटरीवर अशी गाडी किकनेही सुरू होणे कठीण. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि त्याचा वापर एका दिवसात शिकता येतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. बाराच्या खाली असेल तर ती रिकामी आहे. सेल्फ दाबताना साडेनऊच्याही खाली घसरली तर ती थकली आहे. इंजिन थोड्या वेगात असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान दाखवले तर चार्जिंग ठीक आहे. याहून कमी असेल तर नवी बॅटरी टाकूनही ती महिन्यात मरणार; दोष मॅग्नेटमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये शोधावा. आधी टर्मिनल मात्र घासून घट्ट करावेत. निम्म्या बॅटऱ्या टर्मिनलच्या पांढऱ्या बुरशीमुळे बदनाम होतात. दुसऱ्या बॅटरीने गाडी सुरू करताना प्लस-मायनस उलटे लागले तर ईसीयू जळतो, आणि तो स्वस्त नसतो.

अशा गाडीत पेट्रोल अगदी तळाला जाईपर्यंत चालवू नये, कारण पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. कार्बोरेटरच्या सवयीने आयडलिंगचे स्क्रू शोधत बसू नये. इंजेक्टर रॉकेलमध्ये बुडवून ठेवू नये.

ग्राहक आणि कारागीर

ग्राहकाने बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि कारागिराने तो न मागता द्यावा. चांगला भाग काढून त्याच्या जागी दुसरा बसवणे, किंवा नकली प्लगला अस्सलचा भाव लावणे, हे आमच्या कापडाच्या धंद्यात गज तोकडा धरण्यासारखेच आहे, आणि मापात कमी करणाऱ्यांवर कुरआनात एक अख्खी सूरह, अल-मुतफ्फिफीन, आहे हे आपण सर्व जाणतोच. पण ग्राहकाचीही बाजू आहे. तासभर बसून बारीक दोष शोधणाऱ्याला दहा-वीस रुपये टेकवायचे आणि भाग बदलणाऱ्याला मुकाट्याने पाचशे द्यायचे, ही आपली रीत असेल तर कोणता कारागीर शोधत बसेल? दोष शोधण्याची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती आनंदाने द्यावी. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून किंवा मुंबईत कुर्ल्याहून स्वस्त आणणाऱ्यांनी पक्के बिल घ्यावे. बिल न देणाऱ्याच्या दुकानातील 'कंपनीचा' माल कंपनीचा असेलच असे नाही.

पुरात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला ज्यांनी दुकानाबरोबर गाडीही पाण्यात पाहिली, त्यांच्यासाठी हे अखेरचे टिपण. पाणी ओसरल्यावर सर्वात मोठे नुकसान पाणी करत नाही, उतावळेपणे मारलेली किक करते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून किल्ली लावू नये, सेल्फ दाबू नये. विमा असेल तर गाडी आहे त्या स्थितीत फोटो काढून कंपनीला कळवावे आणि त्यांनी सांगेपर्यंत काही खोलू नये. विमा नसेल तर बॅटरीचे टोक काढावे, प्लग काढावा आणि प्लगविना किक हळूहळू दाबून पाणी बाहेर येऊ द्यावे. ऑइल काढून पाहावे; दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. टाकी, नळी, कार्बोरेटर रिकामे करावे, फिल्टर बदलावा, वायरींचे जोड उघडून उन्हात वाळवावे. ईसीयूच्या जोडावर थेट हीटर धरू नये, सावलीत सुकू द्यावे. नवे ऑइल भरून गाडी सुरू झाली की काही मिनिटे आयडलिंगवर चालवून ते ऑइलही काढून टाकावे आणि पुन्हा ताजे भरावे. थोडे चालवल्यावर ऑइल पुन्हा दुधाळ दिसले तर हेच तिसऱ्यांदा करावे. ड्रममधील ब्रेक आणि चाकांचे बेअरिंग मात्र गाडी सुरू होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी उघडून साफ करावेत, कारण गाळ सुकला की त्यांना गंज धरायला आठवडाही लागत नाही.